नाळेची कात्री

मित्रांनो, जरा जवळ या आणि माझ्याकडे नीट बघा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही. माझं नाक वाकडं आहे, टोकं बोथट आहेत आणि मधल्या खिळ्यावर तांबूस गंज धरला आहे. चिंचओहळ गावच्या उपकेंद्रात, खिडकीच्या फळीवर, फुटक्या थर्मामीटरच्या शेजारी माझा मुक्काम असतो. होय, मी एक जुनी कात्री आहे. पण शिंप्याची नव्हे, न्हाव्याची नव्हे. मी नाळ कापायची कात्री आहे. आता नाळेच्या कात्रीने आयुष्यभर नाळाच कापल्या असतील असं तुम्हाला वाटेल. तुम्ही लहान आहात, म्हणून वाटेल.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने माझं नाक मुद्दाम वाकवलं आणि टोकं मुद्दाम बोथट ठेवली. बाळाच्या इवल्या पोटाशी ज्याला काम करायचं, त्याला टोक असून चालत नाही. माणसांत बोथटपणा हा दोष मानतात, निदान बढती मिळेपर्यंत. आमच्यात तो गुण असतो.

मग लाकडी पेटीत, भुशाच्या गादीवर निजून मी आगगाडीने नाशिकरोडला उतरले. पेटीत माझी भावंडं होती. दोन चिमटे, एक तामचिनीचं तसराळं आणि बाळ तोलायचा काटा. पेटीवर काळ्या रंगात गावाचं नाव रंगवलेलं होतं: चिंचओहळ. म्हणजे माझं सासर ठरलेलं होतं. फक्त ते अजून बांधायचं होतं. सामान आधी आणि इमारत मागाहून, असा आमच्या कचेरीचा क्रम होता. ती कचेरी कोणती, हे मी सांगणार नाही. ज्यांच्या सहाणेवर धार लागली, त्यांचं नाव घेऊ नये.

कचेरीच्या भांडारात माझा मुक्काम पडला. पलीकडच्या खोलीत बैठका चालत आणि मधला पडदा फळ्यांचा होता, त्यामुळे जिल्ह्याच्या आरोग्याचं नियोजन मी तपशिलात ऐकलं. भिंतीवर नकाशा होता. त्यात टाचण्या खोचून गावं ठरत. चिंचओहळची टाचणी खोचली गेली तेव्हा सगळ्यांनी चहा घेतला. मग जागेचा प्रश्न आला. गावाच्या मधोमध, विहिरीजवळ, चिंचेच्या सावलीत सरकारी जागा होती. ती नापसंत झाली, कारण तिथवर मोटार जात नव्हती. आजारी माणूस कसाही येईल, पण उद्घाटनाच्या पाहुण्यांनी यायचं कसं? म्हणून गावापासून लांब, मोटारीच्या सडकेला लागून, उघड्या माळावर दवाखाना बांधायचं ठरलं. तिथे झाड नव्हतं आणि पाणी नव्हतं. मोटार वळवायला जागा मात्र ऐसपैस होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका गावी दवाखान्याचं उद्घाटन झालं. शिंप्याकडून मागून आणलेली कात्री ऐन वेळी रुसली. तिने फीत चावली, पण कापली नाही. पाहुण्यांनी हिसडा दिला तेव्हा फितीबरोबर बांबू आला आणि बांबूबरोबर मंडपाची एक बाजू. कचेरीची अब्रू गेली. आमचे भांडारपाल कोंडाजी यांना साहेबांची बोलणी बसली. कोंडाजी मायाळू गृहस्थ होते. त्यांनी भांडारात येऊन पेट्या उघडल्या, एकेक कात्री उन्हात धरून पाहिली आणि शेवटी मला उचललं. पडून पडून गंजण्यापेक्षा चार लोकांत मिरवेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मित्रांनो, पुढे जे झालं त्यात कुणाच्याच मनात वाईट काही नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

तेव्हापासून माझी चंगळ सुरू झाली. मखमलीचा तुकडा अंथरलेल्या तबकात मी विराजमान होत असे. शेजारी कुंकवाची कोयरी आणि झेंडूची फुलं. नाशिकच्या भद्रकालीतल्या दुकानातून आणलेली गुलाबी रेशमी फीत माझ्या पात्यांत आली की मी एका दमात तिचे दोन तुकडे करी. टाळ्या होत. दवाखाने उघडले, पाणपोया उघडल्या, एकदा तर बसथांबासुद्धा उघडला, जो चारही बाजूंनी आधीच उघडा होता. मला वाटायचं, टाळ्या माझ्याच आहेत. नाळ म्हणजे काय, हे मी जवळजवळ विसरून गेले.

एक गोष्ट तेवढी सांगायला हवी. एका गावी नर्सबाईंनी उद्घाटनाची वाट न पाहता दवाखाना सुरू केला होता. पाहुणे आले, त्यांनी आत झोपलेले रोगी पाहिले आणि ते रागावून परत गेले. वापरलेल्या दाराची फीत आपण कापत नाही, असं ते म्हणाल्याचं सांगतात. त्या नर्सबाईंची बदली सुरगाण्याच्या डोंगरात झाली. तेव्हापासून कचेरीत एक नियम पक्का झाला. फीत कापल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही.

आता सुमनबाईंकडे येऊ. सुमनबाई चिंचओहळच्या नर्स. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतल्या. घरी थकलेले वडील आणि शिकणाऱ्या बहिणी, मिळवत्या त्या एकट्या. त्यांची नेमणूक झाली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीही पुऱ्या झाल्या नव्हत्या, म्हणून त्या खांद्याला पिशवी लावून दारोदार फिरत. कचेरीत आल्या की कोंडाजींना विचारत, माझ्या पेटीतली कात्री कुठे आहे? कोंडाजी सांगत, दौऱ्यावर आहे. हे खोटं नव्हतं.

त्या गावात चांगुणा नावाची एक बाई होती. तिचा नवरा मल्हारी एकलहऱ्याच्या वीजघरात कोळशावर कामाला होता. चांगुणाचं पहिलं बाळ सुईणीच्या हातून झालं होतं, नाळ विळ्याने कापली होती आणि बाळ धनुर्वाताने गेलं होतं. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती कुणाशी बोलेनाशी झाली. सुमनबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसत. या खेपेला विळा नाही आणि चाकू नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. दवाखाना उघडला की तिथे ये, मी असेन. चांगुणाने बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. तिची सासू कुसाबाई, तिनेही मान हलवली. त्या घरात मान हलवली म्हणजे शब्द दिला असं समजत.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात दवाखाना तयार झाला आणि गावात दवंडी फिरली, सोमवारी आपला दवाखाना उघडणार हो. सोमवारी सकाळीच चांगुणाला कळा सुरू झाल्या. नाशिकची एसटी फाट्यावर उभी होती. कंडक्टर बिचारा चांगला होता, मागची बाकं रिकामी करून देतो म्हणाला. कुसाबाईंनी त्याला सांगितलं, कशाला बाबा, आज आपलाच उघडतोय. एसटी गेली. चार माणसांनी चांगुणाला खाटेवर घालून माळावर आणलं.

मीही त्याच दिवशी पहिल्यांदा माझ्या सासरी आले. तबकातून, कोंडाजींच्या हातात. दार सताड उघडं होतं, वर आंब्याचं तोरण होतं आणि मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर, गुलाबी फीत. फितीपलीकडे टेबलावर माझी भावंडं मांडून ठेवली होती. चिमटे, तसराळं, काटा. औषधांचा डबा होता. टेबल भरलेलं दिसेना म्हणून साहेबांनी सुमनबाईंची पिशवीही रिकामी करून त्यावर मांडायला लावली होती, तिच्यातल्या इंजेक्शनांसकट. पाहुण्यांना सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे. एका नजरेत सगळं दिसत होतं, यात शंका नाही.

खाट पाहून साहेब गडबडले. सुमनबाईंनी त्यांना विनंती केली, हिला आत घेऊ द्या. साहेब म्हणाले, पाहुणे नाशिकहून निघालेत, आलेच. मित्रांनो, "आलेच" हा शब्द नाशिकहून निघाला की चिंचओहळला पोचायला अर्धा दिवस घेतो. सरपंच खंडेरावांनीही समजावलं.

"बाई, नवी वास्तू हे. पूजा व्हायचीय. आधी बाळंतिणीचा विटाळ आत गेला तर गावाला भोवंल. आन् पहिलं पाऊल..." ते थांबले आणि सुमनबाईंच्या पायांकडे पाहून दुसरीकडे बघू लागले.

पहिलं पाऊल कुणाचं, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. तो सगळ्यांना ऐकू आला.

मग मंडपाच्या मागे, कनातीच्या आडोशाला खाट ठेवली. बायकांनी लुगडी धरून भिंत केली. कर्ण्यावर सनई लागली होती. सुमनबाई तिथे मातीत गुडघे टेकून बसल्या आणि दुपार कलायच्या सुमाराला मुलगी जन्मली. चांगली खणखणीत रडली. कर्ण्याला तिचा आवाज पुरून उरला.

सुमनबाई उठून तबकापाशी आल्या.

"कोंडाजी, कात्री द्या."

"बाई, ती पाहुण्यांची आहे."

"माझी आहे. पेटीवर नाव आहे."

कोंडाजींना ते नाव ठाऊक होतं. पेटी त्यांनीच उघडली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तबक पुढे केलं. पाहुण्यांच्या चहासाठी चुलीवर पातेलं उकळत होतं. त्या पाण्यात मी आणि हाराचा एक दोरा, दोघांनाही सुमनबाईंनी चांगलं उकळून घेतलं. मग मी माझं पहिलं काम केलं. फीत कापताना टाळ्या होतात. नाळ कापताना फक्त बारीकसा कर्र आवाज होतो, आणि एका माणसाची दोन माणसं होतात. तो आवाज मी ऐकला आणि मला कळलं, माझं नाक वाकडं का आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. चांगुणाचं रक्त थांबेना.

सुमनबाईंना काय करायचं ते माहीत होतं. रक्त थांबवायचं इंजेक्शन टेबलावर होतं. दारात उभं राहिलं की दिसत होतं. त्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मुठीत होते आणि फीत त्यांच्या समोर. त्यांनी साहेबांना पुन्हा विचारलं. साहेब सडकेकडे बोट दाखवून म्हणाले, "धूळ दिसतेय बघा, दोन मिनिटं धीर धरा. सुरगाणा पाहिलंय का तुम्ही?"

हे त्यांनी हळू आवाजात, जवळजवळ काळजीने विचारलं. सुमनबाईंच्या मनात तेव्हा काय आलं, ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. पण मी त्यांच्या मुठीत होते. मूठ आधी घट्ट झाली, मग सैल पडली. थकलेले वडील, बहिणींची शाळा, आणि उन्हात जवळ येणारी ती धूळ. त्या थांबल्या. दोघं-चौघं जण टाचा उंचावून सडकेकडे बघत होते.

धूळ मेंढरांची होती. मेंढरं सावकाश सडकेवरून गेली. मग मेंढपाळ गेला.

तेव्हा सुमनबाईंनी फीत कापली. टाळ्या झाल्या नाहीत. त्या आत धावल्या, पहिलं पाऊल वगैरे कसलंही त्यांना भान नव्हतं. इंजेक्शन भरून घेऊन त्या बाहेर पळाल्या. औषध चांगुणाच्या अंगात गेलं, पण ते घ्यायला अंगात फारसं काही उरलं नव्हतं. चांगुणाने डोळे उघडले. तिला कनात दिसत होती आणि वर आभाळ.

"बाई, उघडला का दवाखाना?" तिने विचारलं.

"उघडला," सुमनबाई म्हणाल्या.

चांगुणाला बरं वाटलेलं दिसलं. मग ती गेली.

त्यानंतर थोड्याच वेळात पाहुणे आले. खरोखरीचे. साहेबांची धांदल उडाली, पण ते अनुभवी होते. फितीची टोकं गाठ मारून जोडली आणि गाठीवर झेंडूचं फूल खोचलं. मला धुऊन, पुसून, मखमलीवर ठेवलं. खाट दवाखान्याच्या मागच्या भिंतीआड नेली. खंडेरावांनी कुसाबाईंना हात जोडून विनवलं, कार्यक्रम उरकेपर्यंत रडू नका, गावाचा दवाखाना हे. कुसाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि त्या नातीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

पाहुण्यांनी मला धरून फीत कापली. गाठीच्या अलीकडे. टाळ्या झाल्या. साहेबांनी त्यांच्या कानात सांगितलं की आज इथे एक मुलगी जन्मली आहे. एवढंच सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. पाहुणे मनापासून हरखले. त्यांनी भाषणात सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशीच जन्म, याहून मोठा शुभशकुन कोणता? त्यांनी तिचं नाव मंगल ठेवलं आणि आपल्या गळ्यातला हार तिच्यासाठी पाठवून दिला. हार तिच्याहून लांब होता.

सांज पडायच्या आत सगळे निघून गेले. एकलहऱ्याहून मल्हारी आला. केसांत कोळशाची भुकटी तशीच होती. वाटेत कुणी त्याला सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. तो दवाखान्याच्या दारात थांबला. पायाशी गुलाबी तुकडे पडले होते. त्याने ते पाहिले, चपला काढल्या आणि सुमनबाईंना विचारलं, "आत येऊ का?"

कोंडाजी मला न्यायला आले तेव्हा सुमनबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. रिकामं तबक काखेत मारून कोंडाजी जीपमध्ये जाऊन बसले. कचेरीने दुसरी कात्री घेतली असं मी ऐकलं. सुमनबाईंची बदलीही झाली नाही. बदली करायची तर कारण दाखवावं लागलं असतं, आणि फीत तर पाहुण्यांनीच कापली होती.

मित्रांनो, त्यानंतर मी माझं खरं काम केलं. वर्षानुवर्षं केलं. चिखलातून, उन्हातून, सुमनबाईंच्या पिशवीत बसून वाड्या-वस्त्यांवर गेले. स्टोव्हवर उकळले, चुलीवर उकळले. टाळ्या पुन्हा कधी वाजल्या नाहीत. गावातली आज तुमच्याएवढी असलेली बरीच मुलं माझ्या हातून सुटी झालेली आहेत. त्यांना ते माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. पुढे माझी धार गेली. खिळा सैल झाला. नवी कात्री आली आणि मी खिडकीच्या फळीवर आले. तक्रार नाही. फळीवरून दार दिसतं.

त्या दारापर्यंत कुसाबाई येत. मंगलला लस टोचायची असली की तिला घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहत आणि तान्ही असताना सुमनबाईंच्या हाती देऊन, चालू लागल्यावर एकटीला, तिला आत पाठवत. स्वतः कधी आत आल्या नाहीत. ताप आला तरी नाही. सुमनबाईंनी कधी बोलावलं नाही. त्या गोळ्या घेऊन बाहेर जात, कुसाबाईंच्या हातावर ठेवत आणि दोघी थोडा वेळ सडकेकडे बघत.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. माळावर एक झाड आलं. मग दवाखान्याला बाळंतपणाची वेगळी खोली मंजूर झाली, माझ्या खिडकीसमोरच बांधली गेली आणि उद्घाटनाचा दिवस ठरला. साहेब नवे होते, पाहुणे नवे होते, फीत तीच भद्रकालीतली गुलाबी. तबक धरायला शाळेतली एक मुलगी हवी होती. गुरुजींनी मंगलला निवडलं, ती उंच होती म्हणून. नवी कोरी कात्री तबकात घेऊन ती दाराशी उभी राहिली. पाहुणे नाशिकहून निघाले होते. आलेच होते.

कुसाबाई नातीला बघायला आल्या होत्या. त्या आता पुष्कळ वाकल्या होत्या. गर्दीत मागे उभ्या होत्या, त्या एकदम पुढे आल्या. खोलीच्या दारापाशी गेल्या, फितीकडे पाहिलं. तिला हात लावला नाही. फक्त मान खाली घातली, पाठ आणखी थोडी वाकवली आणि फितीखालून आत गेल्या. फीत हललीसुद्धा नाही. आत जाऊन त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि बाहेर वळून बघू लागल्या.

साहेब काहीतरी बोलायला गेले. खंडेरावांनी त्यांच्या दंडाला धरलं. खंडेरावही म्हातारे झाले होते.

"वाकलं की येता येतंय," कुसाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. खरंच समजून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, "मंग त्या दिशी कुणीच कसं नाय वाकलं?"

सनई वाजत होती, ती कुणीतरी बंद केली. सुमनबाई जुन्या दाराच्या पायरीवर बसल्या. त्यांचेही केस पांढरे झाले होते; दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांनी फीत कापली होती. वाकायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. मंगल तबक धरून उभी होती, फितीच्या या बाजूला. आजी आत का गेली, ते तिला कळत नव्हतं. तिने तबक खाली ठेवलं आणि तीही वाकून आत गेली.

एवढीच माझी गोष्ट. अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते की मला जपा, माझी निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मला तेल घालू नका, धार लावू नका, गंजते तर गंजू द्या. दुसरंच एक मागते. कधी एखाद्या दारात फीत बांधलेली दिसेल. आत औषध असेल आणि बाहेर कुणीतरी खाटेवर असेल. मोठी माणसं टाचा उंचावून सडकेवरची धूळ बघत असतील. तेव्हा मित्रांनो, कात्री शोधत बसू नका. तुम्ही लहान आहात, तुम्हाला फारसं वाकावंही लागणार नाही.